कुंपणावरचं मंत्रिमंडळ

“वीसपैकी तीन! काय होणार रे तुझं पुढे?”

शेजारच्या वहिनी नातवाला विचारत होत्या. नातू मार चुकवून माझ्या पायरीवर येऊन बसला होता. म्हणजे फिर्यादी पलीकडे, आरोपी अलीकडे, आणि निकाल आला तिसऱ्याच अंगणातून. तात्या म्हणाले, “पंतप्रधान होईल. त्याला गणित लागत नाही.”

आमची तिन्ही घरं जिथे एकमेकांना टेकतात तिथे शेराची वई आहे, आणि वईच्या कोपऱ्यात गुरांनी पाडलेलं खिंडार. ते बुजवायचं असं प्रत्येक जण दर पावसाळ्यानंतर म्हणतो, पण बुजवत कोणी नाही. बुजवलं तर बोलायचं कुठे? सकाळची पाण्याची गडबड आटपली की वहिनी परात घेऊन तिथे येतात. त्या दिवशी परातीत मोड आलेले कडवे वाल होते. कोमट पाण्यातला वाल चिमटीत धरायचा, एका टोकाकडून अंगठ्यानं हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि डाळिंबी मोडासकट सटकन परातीत पडते. अंगठा जरा जड पडला की डाळिंबी तुटते. माझ्या फार तुटतात, म्हणून माझ्याकडे फक्त साली गोळा करायचं खातं आहे.

तात्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, नियम सुटले नाहीत. ते वईपाशी आले आणि म्हणाले, “चेष्टा नाही करत. घटना उघडा. कलम ८४. लोकसभेला उभं राहायचं तर भारताचा नागरिक हवा, वय पंचवीस पूर्ण हवं, आणि शपथ घ्यायची. झालं. शहाणपणाचा रकानाच नाही.”

“पण वेडा माणूस चालत नाही ना?” वहिनींनी विचारलं.

“कलम १०२. वेडा चालत नाही, दिवाळखोर चालत नाही. पण वेडा म्हणजे सक्षम न्यायालयानं तसा जाहीर केलेला. बायकोनं जाहीर करून भागत नाही.”

“नाहीतर संसद ओस पडली असती,” वहिनी म्हणाल्या.

“आणि मूर्खाला तर कोर्टसुद्धा हात लावत नाही. शिवाय पंतप्रधान व्हायला आधी निवडून आलेलं असावं असंही नाही. सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात शिरला म्हणजे पुरे. पण हेच आपल्या ग्रामपंचायतीत या. १९९५ पासून पुढे जन्मलेल्याला सरपंच व्हायचं असेल तर सातवी पास हवा. घरात संडास हवा, तो वापरात हवा. पोरं दोनच हवीत.”

वहिनींचा अंगठा थांबला. “म्हणजे गटाराच्या ठरावावर सही करायला सातवी लागते आणि देशाचं बजेट मांडायला काहीच नाही?”

“नाही.”

“संडाससुद्धा नाही?”

“कायद्यानं नाही.”

नातवाचा चेहरा एकदम उजळला. त्याची सातवी अजून दोन वर्षं लांब होती आणि सरपंचपदाबद्दल त्याला खात्री नसावी. पण दिल्लीचा रस्ता मोकळा दिसला.

एवढ्यात गुरुजी आले. ते दुधाची किटली घेऊन डेअरीवर निघतात आणि वाटेत आमच्या वईला अडकतात. घरी चहा काळा होतो त्याला आम्ही जबाबदार. हायस्कुलात इतिहास शिकवत असत. विषय कळल्यावर त्यांनी किटली खाली ठेवली, तेव्हाच कळलं की आज डेअरी बंद होईपर्यंत काही ते हलत नाहीत.

“तात्या म्हणतायत ती खंत राजेंद्रबाबूंनाही होती,” गुरुजी म्हणाले. “२६ नोव्हेंबर १९४९. घटना मंजूर व्हायचा दिवस. अध्यक्ष म्हणून समारोप करताना त्यांनी दोन गोष्टींचं वाईट वाटतं असं सांगितलं. एक म्हणजे घटना मुळात आपल्या भाषेत लिहिता आली नाही. आणि दुसरी ही, की कायदे करणाऱ्यांसाठी आपण काही पात्रताच ठेवली नाही. कायदा राबवणाऱ्याला पात्रता लागते, मग करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच का नको, असा त्यांचा सवाल होता.”

“मग ठेवायची होती की पात्रता,” तात्या म्हणाले.

इथे मला राहवेना. म्हटलं, “कुणासाठी ठेवायची? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. शिक्षणाची अट घातली असती तर शंभरातली ऐंशी माणसं मत द्यायला आत आणि निवडून यायला बाहेर, असं झालं असतं. आणि शिक्षणानं अक्कल येते हे कुणी सांगितलं? वसंतदादा पाटील शाळा कितीशी शिकले होते? पण बिनअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली ती त्यांनीच, १९८३ साली. आज गल्लोगल्ली इंजिनिअर आहेत ते त्यांच्यामुळे.”

“त्यातला एक आमच्याकडे आहे,” वहिनी म्हणाल्या. “त्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही.”

हा टोला त्यांच्या जावयाला होता. जावयाचाच मुलगा पायरीवर बसला होता, म्हणून आम्ही कुणी हसलो नाही. तात्या थोडे हसले.

“भावोजींचं बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले. “अडाणी वेगळा आणि मूर्ख वेगळा. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं दिली आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच दशकात पढतमूर्खाला वेगळा समास दिला. गादीवर साधा मूर्ख बसला तर एकवेळ चालतं. पढतमूर्ख बसला तर काय होतं ते आपल्या देवगिरीला विचारा.”

आणि त्यांनी वेडा महंमद काढला. आमच्या पिढीला पाठ्यपुस्तकात तो याच नावानं भेटला. महंमद तुघलक म्हटलं तर आम्ही आधी थोडं थांबतो. पण गुरुजींचं म्हणणं असं की वेडा म्हणून तो हातावेगळा करणं हा आपला आळस आहे. माणूस तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान जाणणारा, फारसी कवितेत मुरलेला, अक्षर सुंदर. दरबारात विद्वानांशी वाद घालून त्यांना गप्प करायचा. “आणि गप्प झालेली माणसं समोर बसली की राजाला वाटतं आपलं पटलं.”

१३२७ च्या सुमारास त्यानं देवगिरीला राजधानी करायचं ठरवलं, नाव ठेवलं दौलताबाद. नकाशावर बघितलं तर कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. दक्षिण नुकती हाताखाली आलेली, दिल्ली तिच्यापासून लांब. पण कचेऱ्या हलवण्याबरोबर दिल्लीतली बडी मंडळीही हलवायची, आणि तीही त्यांच्या मनाविरुद्ध. काही वर्षांनी परत चला. मग चांदी कमी पडते म्हणून तांब्या-पितळेचं नाणं काढलं आणि फर्मान सोडलं की हे चांदीच्या टंक्याइतकंच धरा.

“नोटेसारखंच की,” तात्या म्हणाले.

“नोटेसारखंच. फक्त नोट घरी छापता येऊ नये याची जी व्यवस्था लागते, तेवढी करायची राहिली. घरोघरी टांकसाळ सुरू झाली. शेवटी सुलतानानं नाणं मागे घेतलं आणि खजिन्यातून बदल्यात खरं सोनं-चांदी दिलं, खोट्या नाण्यांनासुद्धा. त्याच्याच काळचा बरनी लिहितो की तुघलकाबादेत त्या तांब्याचे ढीग पडून होते.”

“निदान पैसे परत तरी दिले,” वहिनी म्हणाल्या. आमच्या गावात मागे एक पतपेढी बुडाली आहे, त्यामुळे या बाबतीत त्यांची अपेक्षा फार खाली आलेली आहे.

“पण वहिनी, खरी गंमत पुढे आहे. हा दख्खनेत असताना बीडजवळ त्याची दाढ दुखायला लागली. दात पडला. तर त्या दाताला त्यानं इतमामानं पुरलं आणि वर कबर बांधली.”

“कुणाची कबर?”

“दाताची.”

“नुसत्या दाताची?”

“नुसत्या दाताची. फिरिश्त्यानं लिहून ठेवलंय. बीडकडे गेलात तर लोक अजून दाखवतात.”

वहिनींनी परात मांडीवरून खाली ठेवली. राजधानी हलली, नाणं बुडालं, तेव्हा त्या वाल सोलतच होत्या. दाताच्या कबरीनं मात्र काम थांबलं. त्यांच्या स्वतःच्या तीन दाढा गेल्या आहेत आणि एकीचंही कोणी काही केलेलं नाही. “आणि एकानंही सांगितलं नाही त्याला, की खाविंद, जरा अति होतंय?”

“सांगणार कोण? त्याच्याशी वाद घालणाऱ्यांची हाडं कुठे पडायची याच्या कथा इब्न बतूतानं लिहिल्या आहेत. तो तर दिल्लीत त्याचा काझी होता. संधी मिळाली तसा वकील म्हणून चीनला निघून गेला. शहाणा.”

नातवानं विचारलं, “मग खरा मूर्ख राजा कोणीच नाही झाला का?” त्याला पढतमूर्खात रस नव्हता. पढण्याचीच तर अडचण होती.

गुरुजींनी त्याच्यासाठी रोम उघडलं. क्लॉडियस नावाचा राजघराण्यातला मुलगा. पाय लंगडा, जीभ अडखळणारी, राग आला की तोंडातून लाळ. घरच्यांनी त्याला लोकांपुढे आणायचंच टाळलं. आई तर एखाद्याला अगदी बिनडोक म्हणायचं झालं की म्हणे, हा माझ्या क्लॉडियसपेक्षा मूर्ख आहे.

“आई असून?” वहिनी म्हणाल्या, आणि मग वीसपैकी तीनची उत्तरपत्रिका आपल्याच पदराखाली आहे हे आठवून गप्प बसल्या.

घरातली हुशार, देखणी, पुढे येणारी माणसं एकेक करून विषानं, सुऱ्यानं, हद्दपारीनं संपली. याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. गादीवर पुतण्या कॅलिग्युला होता. तो आपल्या घोड्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण देऊन वर त्याला कॉन्सल करायच्या गोष्टी करत असे, असं सांगतात.

“घोड्याला मंत्रिपद?” तात्या म्हणाले. “त्याला निदान सहा महिन्यांत निवडून यायची अट होती का?”

इसवी सन ४१ च्या जानेवारीत कॅलिग्युलाचा खून झाला. राजवाड्यात पळापळ. क्लॉडियस घाबरून पडद्यामागे लपला. एका शिपायाला पडद्याखाली पाय दिसले. त्यानं ओढून बाहेर काढलं. आता मारतो म्हणून हा पायांवर लोळण घेतो, तर शिपाई म्हणतो, बादशहा झालात. पहारेकऱ्यांनी त्याला छावणीत नेलं, आणि त्यानं माणशी पंधरा हजार सेस्टर्स देऊ केले.

“मतामागे रेट तेव्हापासूनचा आहे म्हणा,” तात्या म्हणाले.

“आणि तो मूर्ख तेरा वर्षं टिकला. ब्रिटनवर स्वारी करून तिथे प्रांत वसवला. ओस्टियाजवळ बंदर बांधलं. त्याआधी, घरचे त्याला खोलीत ठेवत होते तेव्हा, हा बसून एट्रुस्कन लोकांचा इतिहास लिहीत होता, वीस भागांत. पुढे तो भाषणात सांगायला लागला की मी कॅलिग्युलाच्या काळात मूर्खपणाचं सोंग घेतलं होतं, म्हणून जिवंत राहिलो.”

“हुशारच की मग!”

“लोकांना नाही पटलं. सुएटोनियस सांगतो, थोड्याच दिवसांत रोममध्ये एक पुस्तक निघालं, नाव मूर्खांचा उदय अशा अर्थाचं. आणि त्याचा एकच मुद्दा, की मूर्खपणाचं सोंग कोणी घेत नसतं.”

यावर तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. बादशहा हयात असताना असं पुस्तक काढणाऱ्या त्या रोमन लेखकाबद्दल मला मात्र आदर वाटला. पुढे त्या क्लॉडियसला म्हणे बायकोनंच अळंबीतून विष घातलं. अळंबीचं नाव निघताच वहिनींनी आमच्याकडे का बघितलं कोण जाणे.

त्याच सुरात गुरुजींनी ऑस्ट्रियाचा फर्डिनंड उरकला. १८३५ ते १८४८. त्याची गोष्ट सगळ्या युरोपात सांगतात की जर्दाळूचे उकडलेले गोळे मागितले, मुदपाकखान्यानं जर्दाळूचा मोसम नाही म्हणून सांगितलं, तर हा म्हणाला मी बादशहा आहे, मला गोळे हवेत. त्याला आकडीचा आजार होता. आजाराला मूर्खपणा म्हणून हसणं बरं नव्हे, आणि गुरुजीही ते सांगूनच पुढे गेले. तो अनेक भाषा बोलत असे. पण कारभार सगळा मेटर्निख आणि मंडळींच्या हातात. १८४८ च्या दंगलींनंतर त्याला उतरवून पुतण्याला बसवलं. पुतण्या कामसू, पहाटे उठणारा, फायलींत बुडालेला. त्यानं लढाया हरून मुलूख घालवला, तेव्हा प्रागमध्ये निवांत बसलेला म्हातारा काका म्हणे म्हणाला, एवढं तर मलाही जमलं असतं.

“बघा,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही मघापासून विचारताय मूर्ख माणूस वर जातो का. जातो कुठे तो? त्याला नेतात. त्या शिपायांनी नेला, या मेटर्निखानं ठेवला. मूर्ख काही स्वतःहून पडद्यामागून येत नाही. कोणाच्या सोयीचा आहे ते बघायचं. आमच्या सासूबाईंनी चार सुनांत धाकटीच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या. ती सगळ्यात हुशार होती म्हणून नव्हे.”

धाकटी म्हणजे खुद्द वहिनी की दुसरी कोणी, हे विचारायचं आम्हा तिघांच्याही मनात आलं. विचारलं नाही.

तात्यांनी तेवढ्यात मराठी शहाण्यांची बाजू काढली. म्हणाले, आपल्याकडे असं नव्हतं, आपल्याकडे पेशवाईत साडेतीन शहाणे होते. पण ती बाजूही उलटलीच. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे पुरे तीन. आणि नाना फडणीस अर्धे, कारण ते तलवार चालवत नसत. गुरुजी म्हणाले, “मोजा. चौघांतला एक तरी गादीवर होता? सगळे कारभारी. एक तर शत्रूच्या कारभारात. विठ्ठल सुंदर १७६३ ला राक्षसभुवनच्या लढाईत पडले. सखारामबापू कैदेत गेले. नाना १८०० साली वारले. आणि अठरा वर्षांत पेशवाई आटोपली.”

“म्हणजे अर्धा शहाणासुद्धा पुरत होता,” तात्या पुटपुटले.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण गुरुजींचा एक भाऊबंद मुंबईत एका गोवेकराच्या शेजारी राहायचा, तो गोवेकर युगांडातून आलेला. त्याच्यावरून इदी अमीन निघाला. त्याच्या पदव्यांची गुरुजींनी तोंडपाठ माळ लावली: तहहयात अध्यक्ष, फील्डमार्शल, हाजी, डॉक्टर, पृथ्वीवरील सर्व पशूंचा आणि समुद्रातील सर्व माशांचा स्वामी, आणि आफ्रिकेत सर्वसाधारणपणे व युगांडात विशेषकरून ब्रिटिश साम्राज्याचा विजेता. नातू लोळून हसला. आम्हीही हसलो.

“जगही असंच हसत होतं,” गुरुजी म्हणाले. “१९७१ ला तो लष्कराच्या जोरावर आला तेव्हा आपल्या कामाचा, भोळा गडी म्हणून बाहेरच्या बऱ्याच सरकारांना बरंच वाटलं होतं. १९७२ ला त्यानं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. गुजराती होते, पंजाबी होते, कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोवेकर होते. दुकान, घर, सामान सगळं तिथेच. आणि त्याच्याच लोकांत किती मारले त्याचे अंदाज लाखांत जातात. सगळ्यांनी त्याला विदूषक धरलं होतं. विदूषकाच्या घरी कोणी झडती घेत नाही.”

वहिनींनी दोन-चार वाल न बोलता सोलले. मग म्हणाल्या, “माशांचा स्वामी म्हणे. भाव तरी उतरवायचा.” पापलेटाचा दर त्या दिवशी सगळ्यांच्याच मनात होता, त्यामुळे अमीनवरून आम्ही सुखरूप बाहेर आलो.

तात्यांना अजून नियमाचीच रुखरुख होती. ते म्हणाले, गाळणी अगदीच नाही असं नाही, राष्ट्रपतिपदाला आहे. तिथे पूर्वी हौशे-नवशे फार यायचे. काका जोगिंदरसिंग ‘धरतीपकड’ जन्मभर निवडणुका लढवून हरत राहिले, आणि १९९२ ला थेट राष्ट्रपतिपदाला उभे राहून चौथे आले. मग १९९७ ला सरकारनं अट कडक केली: पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार अनामत.

“म्हणजे आता मूर्खाला उभं राहायला शंभर माणसं लागतात,” मी म्हटलं.

“शंभर कुठे, आपल्याला दोनच लागतात,” असं म्हणून तात्यांनी काखेतलं रजिस्टर पुढे काढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ सकाळपासून वईपाशी का घुटमळतायत. आळीच्या गणेशोत्सव मंडळाचं प्रोसिडिंग होतं ते. मागच्या अध्यक्षांनी हिशेबावरून राजीनामा दिल्याला महिना झाला होता, आणि त्यानंतर ज्याला विचारावं त्याची तब्येत बिघडत होती.

“गुरुजी, तुम्ही व्हा,” मी म्हटलं.

“मी कारभार बघेन,” गुरुजी म्हणाले.

“वर्गणीचं नि खर्चाचं मी सांभाळतो,” तात्या म्हणाले. “प्रसादाचं वहिनींकडे. फक्त अध्यक्ष असा हवा, जो कोणाच्या अध्यात ना मध्यात. सह्या वेळेवर करेल. हिशेब फार विचारणार नाही.”

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. वहिनींनी तर परातीतल्या तुटक्या डाळिंब्यांकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

“भावोजी, तुम्हीच व्हा,” त्या म्हणाल्या. “तुमचं कोणाशी वाकडं नाही.”

मी म्हटलं, मला मंडळाच्या कामातलं काही कळत नाही.

“सोंग घेऊ नका,” तात्या म्हणाले, आणि खिशातून पेन काढून त्यांनी तारीख टाकली. “सूचक मी. अनुमोदक गुरुजी. सर्वानुमते.”

“माझं मत?” पायरीवरून नातवानं विचारलं.

“तुझं वय नाही झालं.”

“मग मी खजिनदार होऊ?”

“वीसपैकी तीन,” वहिनी म्हणाल्या. तात्यांनी मात्र पेन थांबवलं आणि पोराकडे जरा विचार करत बघितलं.